सितान उपस्थित नव्हती

त्या शुक्रवारी दुपारी दोन ते चार तळघरातल्या धुण्याच्या मशीनवर सुलेखा रेगेची पाळी होती. येना शहराच्या लोबेडा वस्तीतल्या त्या अकरामजली इमारतीत पाळीचा तक्ता म्हणजे ब्रह्मवाक्य. पाच मिनिटं उशीर झाला, तर दुसऱ्या मजल्यावरच्या फ्राऊ क्नोल तुमचे ओले कपडे काढून टोपलीत टाकत आणि वर येऊन दारावर चिठ्ठी चिकटवत. सुलेखाला अशा दोन चिठ्ठ्या मिळून चुकल्या होत्या. म्हणून ती वेळेवर खाली गेली, चादरी मशीनमध्ये कोंबल्या, साबण टाकला आणि लिफ्टने सातव्या मजल्यावर आपल्या खोलीत परत आली. धुणं व्हायला दीड तास होता. तेवढ्यात प्रबंधातला सातवा तक्ता एकदा ताडून बघावा, असा तिचा साधासुधा बेत होता.

साल दोन हजार सहा, नोव्हेंबरचा महिना. या दिवसांत येनाच्या दरीत नदीवरून धुकं वर चढतं आणि जाता जात नाही. चारच्या ठोक्याला दिवे लावावे लागतात. सुलेखा मूळची पुण्याची, वय एकोणतीस. इथल्या विद्यापीठात ती मानववंशशास्त्रात पीएच.डी. करत होती आणि त्यासाठी पश्चिम आफ्रिकेत, मालीच्या दक्षिणेकडच्या एका खेड्यात अकरा महिने राहून आली होती. तिथल्या म्हाताऱ्या बायकांकडून तिने दुष्काळाच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून आणल्या होत्या. तिची आई लोकांना सांगायची, "आफ्रिकेतलं काहीतरी करते, पण राहते जर्मनीत हो." म्हणजे पहिल्या वाक्यात जे काही बिघडलं असेल ते दुसऱ्यात दुरुस्त.

प्रबंधाचा सगळा जीव चौथ्या प्रकरणात होता. तेने कुलिबाली नावाची एक आंधळी म्हातारी त्यात बोलत होती. दुष्काळाच्या साली ती दोन पोरं घेऊन दक्षिणेकडे चालत निघाली, वाटेत थोरली मुलगी गेली, आणि तिने एकटीने खुरप्याने खड्डा खणला, ही ती हकीकत. सांगताना तेने वारंवार थांबत होती. लांब, जीवघेणे अकरा विराम. सुलेखाने ते सेकंदासकट मोजले, तक्ता केला आणि मांडलं, की दुःख इतकं मोठं असतं की भाषा तिथे हात टेकते. हे विराम म्हणजे त्या दुःखाचीच भाषा आहे. बर्लिनच्या परिषदेत हे वाचलं तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे पुसले होते. तिच्या मार्गदर्शक प्रोफेसर लिंडनर तर म्हणाल्या होत्या, "हे प्रकरण म्हणजेच तुमचा प्रबंध आहे, फ्राऊ रेगे."

तर तिने हेडफोन लावला आणि फाइल उघडली. पडद्यावर आवाजाची निळी रेघ उमटली. बोलणं असेल तिथे झुडपं, विराम असेल तिथे उजाड रान. पहिला विराम तक्त्यात चार सेकंदांचा लिहिलेला होता. आज तो सात भरला. आपलंच काहीतरी चुकलं असेल, म्हणून तिने पुन्हा मोजला. सात. दुसरा पाचाचा होता, तो नऊ भरला. अकरावा, सगळ्यात मोठा, अकरा सेकंदांचा होता. तो संपेचना. हेडफोनमध्ये नुसती झोपडीतली हवा ऐकू येत होती, दूर कुठेतरी बकरी, आणि माइकच्या अगदी जवळ म्हातारीचा श्वास... सव्वीस सेकंद झाले तेव्हा कुठे तेनेने पुढचं वाक्य उचललं.

आणि एवढं होऊन मुद्रणाची एकूण लांबी होती तेवढीच होती. चौऱ्याहत्तर मिनिटं. एक शब्दही गळलेला नव्हता.

सुलेखाने हेडफोन काढला. खिडकीबाहेर समोरची इमारत धुक्यात अर्धी विरघळली होती. खाली चादरी तिसऱ्या चिठ्ठीची वाट बघत पडल्या होत्या, पण ती उठली नाही. तिला एकच गोष्ट आठवत होती. गावातले मास्तर बकारी, तिचे दुभाषी, यांचा सहा आठवड्यांपूर्वीचा ईमेल. तालुक्याच्या गावी जाऊन त्यांनी मुद्दाम लिहिला होता: तेने गेली, शांतपणे गेली, तुम्हाला कळवावंसं वाटलं. त्याचं चार ओळींचं उत्तर लिहायला सुलेखाला सहा आठवडे पुरले नव्हते. का पुरले नव्हते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. खाई त्याला खवखवे.

आपल्याकडे गोष्ट ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा असतो. तेनेच्या गावात ही रीत फार मोठी. बोलणाऱ्याच्या शेजारी एक माणूस बसतं आणि प्रत्येक वाक्य संपलं की म्हणतं, "नामू." म्हणजे ऐकलं, पुढे सांग. हलक्याफुलक्या गोष्टीला कोणीही चालतं. पण बोलणं जड असेल तर ठरलेलं माणूसच लागतं, आणि सांगणाऱ्याचं संपेपर्यंत त्याने जागचं हलायचं नसतं. तेनेला नामू म्हणायची तिची सवत, सितान. सवत म्हटलं की आपल्या कपाळाला आठी पडते. या दोघी चाळीस वर्षं एका अंगणात नांदल्या होत्या, आणि तेनेची नजर गेल्यापासून सितानच तिला हाताला धरून विहिरीवर नेत होती. बोलायला मात्र सितान खट. सुलेखाला पहिल्या दिवशी ती म्हणाली होती, "तू एवढं लिहून नेतेस, तुझ्या गावात कोणाला काही आठवत नाही का?"

सितानचा आवाज मोठा होता. तिचं नामू नेमकं तेनेच्या वाक्याच्या शेपटावर पडायचं. त्यामुळे पहिली दोन मुद्रणं सुलेखाच्या मते वाया गेली होती, कारण पडद्यावर दोन आवाज एकमेकांत मिसळले की सॉफ्टवेअरला काही मोजता येत नाही. तिसऱ्या दिवशी तिने सितानला सांगितलं, आज तू बाहेर बस. वर बिस्किटांचा पुडा दिला हातात, लहान मुलाला द्यावा तसा. सितानने पुडा घेतला नाही. ती दाराबाहेर भिंतीला टेकून उन्हात बसली.

बकारी मास्तर तेव्हा हळू आवाजात म्हणाले होते, "मादाम, पाण्याचं भांडं डोक्यावर एकटीला चढवता येतं. उतरवायला दुसरी लागते."

"एकच तास," सुलेखा म्हणाली होती.

आणि त्या तासात तेने एकेक वाक्य बोलायची आणि थांबायची. मान दाराकडे वळवायची. सुलेखा समोर बसून आवाजाच्या काट्याकडे बघत होती. मुलाखत घेणाऱ्याने मध्ये आवाज करायचा नाही, नुसती मान हलवून दाद द्यायची, असं ती शिकली होती. म्हणून ती मान हलवत होती. आंधळ्या बाईपुढे चौऱ्याहत्तर मिनिटं मान हलवत होती. हे आठवलं की सुलेखाला आजही भर थंडीत कानशिलं गरम झाल्यासारखी वाटायची. ते विराम दुःखाचे नव्हते. म्हातारी नामूची वाट बघत होती, एवढंच.

आणि हे तिला प्रकरण लिहिण्याच्या आधीपासून माहीत होतं.

शनिवारी सकाळी ती लॅपटॉप घेऊन तिसऱ्या मजल्यावरच्या निहारकडे गेली. निहार नाशिकचा, लेझरवर संशोधन करणारा, इमारतीतला दुसरा आणि शेवटचा मराठी माणूस.

"दे इकडे," तो म्हणाला. "भूतबाधा मशीनला होत नसते, केबलला होते."

त्याने दुसरा हेडफोन लावला, फाइल आपल्या कॉम्प्युटरवर चढवली, विराम मोजले. मग बेरीज केली. मग कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून कागदावर केली. त्याची बडबड हळूहळू थांबली.

"काय रे?"

"काही नाही. शब्द तेवढेच, गॅप्स वाढल्यात, टोटल तीच. असं होत नाही." त्याने कान खाजवला. "पण एक सांगू? मला भाषा कळत नाही, तरी ही बाई कुणाची तरी वाट बघत्ये असं वाटतंय. माझी आई फोनवर अगदी अशीच थांबते. दोन वाक्यांत मी हुं म्हणालो नाही की गप्प. मग विचारते, आहेस का रे? गेनाऊ, हुबेहूब असंच."

सुलेखा हेडफोनची वायर गुंडाळू लागली.

"आणि शेवटी काय विचारते गं ती?" निहार म्हणाला. "अगदी शेवटी. आवाज वर जातो ना, प्रश्न विचारल्यासारखा?"

शेवटी तेनेने प्रश्न विचारला होता, हे खरं होतं. हकीकत अर्ध्यात टाकून, दाराकडे नाही, कुठेच न बघता, ती म्हणाली होती, "इथे कोणी आहे का?" आणि तरीही सुलेखा बोलली नव्हती, कारण मुद्रण चालू होतं. येनाला परतल्यावर तिने ते वाक्य लिखाणातून गाळलं. मग फाइलमधूनही कापलं. स्वतःच्या हाताने कापलं होतं, मूळ चकतीही पुसून टाकली होती. ते वाक्य राहिलं असतं तर अकरा विरामांचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळला असता.

"अगं, काय विचारते?"

"काही नाही. पाणी आहे का, म्हणते."

निहारने तिच्याकडे पाहिलं आणि फाइल आपल्या कॉम्प्युटरवरून पुसून टाकली. "नको गं माझ्याकडे," एवढंच म्हणाला.

त्या दिवशी चार वाजता तिने खोलीतला दिवा लावला, हेडफोन न लावता लॅपटॉपचा आवाज मोठा केला आणि मुद्रण सुरुवातीपासून लावलं. तेने पहिलं वाक्य बोलली आणि थांबली. खोली थांबली. भिंतीतल्या पाइपांची नेहमीची कुरकुरही बंद पडली. सुलेखाने ओठ ओले केले आणि म्हणाली, "नामू."

तेनेने लगेच पुढचं वाक्य उचललं.

"नामू," सुलेखा म्हणाली. पुन्हा वाक्य. पुन्हा नामू. विराम राहिलेच नाहीत. म्हातारीचा आवाज हलका झाला, सैल झाला, खांद्यावरचं ओझं हळूहळू उतरावं तसा. ती चालली, पोरगी गेली, तिने खड्डा खणला, सगळं तिने सांगितलं आणि सुलेखाने ऐकलं. पहिल्यांदाच ऐकलं. ती ढसाढसा रडत होती. शेवटी तेने थांबली आणि कापून टाकलेलं वाक्य स्वच्छ आवाजात म्हणाली, "इथे कोणी आहे का?"

"आहे," सुलेखा म्हणाली. "मी आहे. मी इथेच होते."

मुद्रण संपलं. पडद्यावरची रेघ सपाट झाली. खोलीत तेनेच्या झोपडीतला, शियाच्या बियांच्या तेलाचा आणि ओल्या लाकडाच्या धुराचा वास येत होता. तिच्या स्वयंपाकघरात यातलं काहीच नव्हतं. तिला वाटलं, आता आपण बोलायला हवं. निदान मेलेल्या माणसापाशी तरी. ती मराठीतच बोलली, दुसरी भाषा सुचलीच नाही.

"मी तुझ्या गावात आले, कारण मला प्रबंध लिहायचा होता..."

"नामू."

आवाज खोलीतून आला नव्हता. बाहेरून आला होता, दाराच्या पलीकडून. म्हाताऱ्या बाईचा, जरासा घोगरा.

सुलेखा जागच्या जागी थिजली. बाहेरच्या बोळातला दिवा बटण दाबल्याशिवाय लागत नसे. आता दाराखालच्या फटीत उजेडाची पट्टी होती, आणि पट्टीच्या मधोमध काहीतरी काळं होतं. कोणी दाराला टेकून जमिनीवर बसलं असावं तसं.

"मी... मी तुला एकटीला बोलायला लावलं."

"नामू."

"मला स्वच्छ आवाज हवा होता."

"नामू."

आवाजात राग नव्हता, माया नव्हती. नुसतं ऐकणं होतं. भीतीच्या पोटात सुलेखाला कसलासा आधार वाटू लागला. ती सांगत गेली. बर्लिनच्या टाळ्या सांगितल्या, तक्ता सांगितला, डोळे पुसणाऱ्या बाई सांगितल्या. प्रत्येक वाक्याला नामू आलं. मग ती त्या जागेपाशी आली. सितानला बाहेर घातलं तिथे, कापलेल्या वाक्यापाशी. तिथे तिची जीभ अडली. मेलेल्या बाईसमोरसुद्धा माणूस हातचं राखून बोलतं.

"...आणि मग मुद्रण संपलं," ती म्हणाली.

बाहेर काही नाही. ती वाट बघत बसली. सवयीने तिने मनात सेकंद मोजले. सव्वीसपर्यंत पोचली तेव्हा फटीतला उजेड टक् करून विझला. तिने दार उघडलं. लांबलचक बोळ रिकामा होता; जमिनीवरच्या लिनोलियमवर एक ओला ठसाही नव्हता. फक्त वास तेवढा होता.

दुसऱ्या दिवशी चार वाजता उजेडाची पट्टी पुन्हा आली. तिसऱ्या दिवशीही. सुलेखा रोज सांगायला बसायची, रोज नामू यायचं, आणि रोज ती त्याच वाक्यापाशी शेपूट घालायची. आज सांगू, असं म्हणूनच ती बसत असे. पण ते एक वाक्य उच्चारलं तर चौथं प्रकरण गेलं, आणि चौथं प्रकरण गेलं तर तीन वर्षं गेली, शिष्यवृत्ती गेली, पुण्याला परत जाऊन आईला काय सांगायचं इथपासून प्रश्न. म्हणून ती रोज म्हणायची, आणि मग मुद्रण संपलं. रोज बाहेरची शांतता तेवढीच लांब असायची. दार उघडायचं तिने सोडून दिलं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती मनाचा हिय्या करून प्रोफेसर लिंडनरांकडे गेली. बाई भल्या होत्या. त्यांनी चहा केला, हीटर वाढवला, प्रकरणाची पुन्हा स्तुती केली. सुलेखा कपाकडे बघत होती.

"एक सांगायचं होतं," ती म्हणाली. "तेनेची सवत नेहमी तिच्या शेजारी असायची. प्रतिसाद द्यायला. त्या दिवशी ती... नव्हती."

"अच्छा?" बाईंनी चष्मा काढला. "का नव्हती?"

हा तो क्षण होता. बाईंनी सरळ विचारलं होतं. नंतर किती वेळा सुलेखाने तो क्षण परत परत मनात खेळवला असेल, त्याला गणती नाही.

"घरातलं काहीतरी काम होतं," ती म्हणाली.

"आल्झो, मग एक तळटीप टाका. प्रामाणिकपणा कधीही चांगला." बाईंनी तिच्या हातावर थोपटलं.

सुलेखाने तळटीप टाकली. एकशे त्रेचाळीसावी. 'या मुद्रणाच्या वेळी सितान उपस्थित नव्हती.' वाक्यात कोणीही कोणाला बाहेर घातलेलं नव्हतं. टाइप करताना तिला स्वतःची इतकी लाज वाटली की ती उठून तोंड धुऊन आली, आणि मग पुढची तळटीप टाइप केली. डिसेंबरच्या वीस तारखेला प्रबंध बांधून कचेरीत जमा झाला. त्या संध्याकाळपासून दाराखाली उजेड आला नाही. चार वाजत, अंधार पडे आणि बोळात काहीच होत नसे. सुटले, असं तिला वाटलं. चोराच्या मनात चांदणं असतंच, ते जाईल हळूहळू.

जानेवारीत एका दुपारी फोन वाजला. लांबचा नंबर होता.

"मादाम रेगे? मी बकारी."

बोलणं पोचायला दीडदोन सेकंद लागत होते. गावात आता टॉवर आला आहे, अंगणातूनही फोन लागतो, मास्तरांनी कौतुकाने सांगितलं. सुलेखाने घाईघाईने माफी मागितली, तेनेबद्दल लिहायचं राहून गेलं म्हणाली.

"मी सितानबद्दल फोन केला," मास्तर म्हणाले.

"सितान? तिचं काय?"

"सुगी झाल्यापासून रोज दुपारी ती तेनेच्या झोपडीबाहेर बसायची. तुम्ही बसवलं होतं ना, तिथेच. भिंतीला टेकून. आणि नामू म्हणायची... एकटीच. आम्ही विचारलं, कोण बोलतंय? तर म्हणाली, ती इंडियन पोरगी बोलते आहे."

सुलेखाने भिंतीला हात टेकला. तिच्या दाराबाहेर बसून ऐकणारी बाई मेलेली नव्हती. जिवंत होती. जिला तिने उन्हात बाहेर घातलं होतं, तीच दीड वर्षाने तिच्याच दाराबाहेर बसून तिला नामू देत होती.

"आधी तासाभराने उठायची," मास्तर सांगत होते. "नाताळच्या आधीपासून उठतच नाही. तुम्हाला माहीत आहे मादाम, सांगणाऱ्याचं संपल्याशिवाय नामू म्हणणाऱ्याने हलायचं नसतं. ती म्हणते, पोरगी मध्येच गप्प झाली, पण संपलेलं नाही. रात्री थंडी पडते. सुना पांघरूण घालतात, तोंडात पेज घालतात. आता तर ती गिळतही नाही. आठवडाभराने... काही सांगता येत नाही."

"मी काय करू?" सुलेखाचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

"शेवटचे शब्द म्हणा. तुम्ही आमच्या इतक्या गोष्टी लिहून नेल्या, सगळ्यांच्या शेवटी तेच शब्द आहेत. ते ऐकले की ती उठेल. मी अंगण ओलांडून तिच्यापाशी जातो आणि फोन तिच्या कानाला लावतो."

सुलेखाला ते शब्द पाठ होते. जिथून उचललं, तिथे ठेवलं. गोष्ट सांगून झाली की सांगणारा हे म्हणतो आणि मोकळा होतो. पण तिने उचललेलं तिथे कुठे ठेवलं होतं? ते बांधणी होऊन येनाच्या कचेरीत पडलं होतं, एकशे त्रेचाळीस नंबरच्या खोट्यासकट. खरं म्हणजे आत्ता, या फोनवर, तिने ते एक वाक्य बोलायला हवं होतं: मी तुला बाहेर घातलं, तेनेने विचारलं कोणी आहे का, आणि ते मी कापलं. दोन श्वासांचं काम होतं. पण मास्तर ऐकत होते. मास्तरांना लिहिता येत होतं, ईमेल करता येत होता, लिंडनरबाईंचा पत्ता त्यांच्यापाशी होता. एका म्हातारीच्या जिवापुढे तिने हाही हिशेब केला. आपण काय आहोत, हे तिला त्या क्षणी लख्ख दिसलं, आणि तरीही तिने केला.

तिने डोळे मिटले आणि तेनेच्या भाषेत, स्पष्ट उच्चारात, ते शब्द म्हटले. जिथून उचललं, तिथे ठेवलं.

लगेच, फोनवरचे ते दीड सेकंद मध्ये न जाता, अगदी कानाशी, थकलेला घोगरा आवाज म्हणाला, "नामू."

गोष्ट संपल्यावर नामू कोणी म्हणत नाही. नामू मधल्या वाक्यांना असतं. ऐकलं, पुढे सांग.

"मास्तर..." सुलेखा कुजबुजली. "ती उठली का?"

दीडदोन सेकंद गेले. पलीकडून पावलांचा आवाज येत होता, वाळक्या पाचोळ्यावर पडणारा, घाईचा.

"थांबा, मादाम," बकारी धापा टाकत म्हणाले. "आत्ताच काही बोलू नका. मी अजून अंगणातच आहे, तिच्यापाशी पोचायचोय."